हवेनंच चालू होईल

आमच्या जिनातलं इंजिन हवेवर चालू होतं, असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग हसतात. हवेवर म्हणजे काय, फुंकर मारून काय, असं एका पाहुण्याने मला विचारलं होतं. मी म्हटलं, या, मारून पाहा. इंजिन माझ्या खांद्याच्या वर येतं; लाइन गेली की जिनातल्या सगळ्या मशिनी त्याच्याच विजेवर चालतात. त्याला उठवायला बॅटरी नाही, सेल्फ नाही, तारेचा तुकडा नाही. बाजूला एक उभी लोखंडी टाकी आहे, कॉम्प्रेसर तिच्यात हवा दाबून भरतो. लिव्हर दाबला की ती हवा नळीतून सुटते, स्टार्टरमधली पात्यांची फिरकी गरकन फिरते, तिचे दात इंजिनाच्या चाकात जाऊन बसतात आणि ते धूड हलतं. त्या वेळी अशी किंचाळी निघते की रोडवरच्या टपरीत चहा पिणाऱ्या माणसालाही कळतं, जिनिंग सुरू झाली.

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. आमच्या वऱ्हाडात हे सांगावं लागत नाही, पण दूरचं कोणी वाचत असेल तर माहीत असावं. दसऱ्याला मुहूर्त होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत काम चालतं. रुई सुटताना तिचे बारीक तंतू हवेत उडतात. ते केसांत बसतात, भुवयांवर बसतात, भाकरीवर बसतात, खांबांवर, वायरींवर, इंजिनाच्या पाठीवर. झाडले की पुन्हा बसतात. आणि पेटायला त्यांना काडी लागत नाही, ठिणगी पुरते. बॅटरीचा सेल्फ मारला की ठिणग्या उडतात. हवेच्या स्टार्टरात ठिणगीला जागाच नाही. बस, एवढंच कारण. नाहीतर हवेचं मला काही कौतुक नाही. कटकटीचं काम आहे ते. रोज टाकीत जमलेलं पाणी काढा, नळ्या बघा, तेल भरा, पाती झिजली की बदला.

मी त्या इंजिनाची ऑपरेटर. अमरावतीला आयटीआय केलं, डिझेल मेकॅनिक. वर्गात पोरींमध्ये मी एकटीच होते आणि पोरं मला विचारायची की लग्नात हुंड्यात पाना देणार का. मी पाना हातात धरूनच उत्तर द्यायची, म्हणून पुढे कोणी विचारलं नाही. स्वभावच तसा. माझी थोरली बहीण म्हणते, तुझ्या जिभेला हाड नाही. बरोबर आहे, नाहीच.

ताई जिनात बसते. आमच्याकडे बाया मशीनवर कापूस टाकायला बसतात, ओळीने, दिवसभर. मी आयटीआयला होते तेव्हा ती दुसऱ्या एका जिनात कामाला होती. तिथलं इंजिन सेल्फवर होतं. एका सकाळी ऑपरेटरने चावी फिरवली आणि इंजिनाच्या खोलीतून जाळ निघाला. रुई धडधडून पेटत नाही, ती सरसर पळते. जाळ भिंतीवरून, छपराखालून, बायांच्या डोक्यावरून गेला. ताई वाचली. एक कान, मान आणि खांदा भाजला. तिच्या शेजारी बसणारी बाई वाचली नाही. मी अमरावतीहून अकोल्याला एसटीने आले तेव्हा ताई दवाखान्यात पालथी झोपवलेली होती आणि मला म्हणाली, "जेवली का वं?"

बरी झाली तशी ती पुन्हा जिनातच गेली, आमच्या आत्ताच्या या जिनात. मी आडवी आले, भांडले, काही उपयोग झाला नाही. म्हणाली, दुसरं काय येते मले. मग मीही तिथेच नोकरी धरली. जिनाच्या मालकांना, थोरल्या शेठजींना, मीच सांगितलं की इंजिन ठेवा, सेल्फ काढा, हवेचा स्टार्टर बसवा. त्यांनी ती आग आपल्या गच्चीवरून पाहिली होती. त्यांनी काही वाद घातला नाही, जुन्या बाजारातून स्टार्टर आणून दिला. मी तो खोलून, पाती नवी टाकून बसवला. सेल्फची जागा इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला होती, तिथे लोखंडी झाकण ठोकून टाकलं.

पुढे शेठजी थकले आणि कारभार मुलाकडे आला. आम्ही त्यांना छोटे शेठ म्हणतो. माणूस वाईट नाही. बायांसाठी संडास त्यांनीच बांधला, बापाला कधी सुचलं नव्हतं. पण हवेच्या स्टार्टरशी त्यांचं उभं वैर. पाती मुंबईहून मागवावी लागतात, कॉम्प्रेसर वीज खातो, टाकी जागा अडवते. "बाई, दुनिया कुठं चालली अन् तुमी हवा भरून राह्यल्या," असं ते येता जाता म्हणायचे. आणि वर विचारायचे की कापसात खडा आला तरी मशीनमध्ये ठिणगी पडतेच ना, मोटरी आहेत, वायरी आहेत, त्यांचं काय?

हे त्यांचं खरं होतं. खड्याने आग लागते. मी त्यांना म्हणायची, घराला आधीच दोन भोकं आहेत म्हणून तिसरं पाडायचं का? ते हसून निघून जायचे. असं बरंच चाललं, आणि मग त्या वर्षीचा दसरा आला.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा असते. सगळं धुऊनपुसून काढायचं, हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. एकदा पुजलं की दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत कोणी हात लावायचा नाही. मशीनला तेवढी सुट्टी. हे मीही पाळते. माझ्या पान्यांनाही मी कुंकू लावते आणि फडक्यात बांधून ठेवते. त्या दिवशी मी टाकी गच्च भरली, पाणी काढलं, तोट्या बंद केल्या, काटा बघितला आणि घरी गेले.

माझ्यामागे सजावटवाले आले. टाकीच्या बुडाशी पाणी काढायची पितळी तोटी असते. ती काळी पडली होती. पूजेत पितळ काळं कसं ठेवायचं? कोणीतरी चिंच आणि राख घेऊन ती देवघरातल्या समईसारखी घासली. लखलखीत केली. घासताना ती जराशी फिरली. एवढंच. वर कुंकवाचं बोट ओढलं, फूल ठेवलं, नमस्कार केला.

दसऱ्याला सकाळी मी गेले तर काटा शून्यावर. चौकीदार म्हणाला की सापासारखा आवाज तर येत होता. मी विचारलं, मग बंद कावून नाही केलं? तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच अधर्म बोलले. "पुजलेल्या मशिनीले हात कसा लावू, बाई?" मी कपाळाला हात लावला. त्याला काय बोलणार, नेम तर माझाही तोच. तोटी मात्र काय चमकत होती.

तरी घाबरण्यासारखं नव्हतं. कॉम्प्रेसर लावला की टाकी भरते. पण कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि लाइन गेलेली. आदल्या संध्याकाळच्या वाऱ्याने कुठेतरी खांब पडला होता. फोन लावला तर म्हणे दुपारनंतर बघू, आज सण आहे. लाइन नाही म्हणून इंजिन पाहिजे, आणि इंजिनाला उठवायला लाइन पाहिजे. मुहूर्त दुपारचा. बाहेर कापसाच्या पहिल्या गाडीला हार घातलेला, गाडीवाला नवा फेटा बांधून उभा, भटजी यायचे होते. मुहूर्ताला इंजिन पहिल्या झटक्यात उठलं पाहिजे, नाहीतर सीझन खराब जातो, अशी इथे समजूत आहे. शेठजींची आहे, गाडीवाल्याची आहे, बायांचीही आहे.

छोटे शेठ आले, काटा बघितला आणि एक शब्द रागाचा बोलले नाहीत. मला तेच आवडलं नाही. ते म्हणाले, "ट्रकचा सेल्फ अन् दोन बॅटऱ्या मागवतो. अर्ध्या घंट्यात लागते. आजच्या दिवसापुरतं."

मी म्हटलं, "नाई लागणार."

"आजच्या दिवसापुरतं म्हणतो ना, बाई."

"एकदा बसला की काढणार कोण? उद्या म्हणसान राहू द्या, परवा म्हणसान चांगला चालून राह्यला. अन् आत बाया बसल्या आहेत."

"मग मुहूर्ताचं काय करू, तुमी सांगा."

मी म्हटलं, हवा आणते. ते हसले. मला काही सुचलं होतं असं नाही, तोंडातून निघालं. पण एकदा निघालं म्हणजे आणायची. नाहीतर मग तोंड काय कामाचं?

फाटकात येईपर्यंत सुचलं. हायवेवर एका चाचांचं पंक्चरचं दुकान आहे. त्यांचा कॉम्प्रेसर विजेवर नाही, छोट्या डिझेल इंजिनावर चालतो, हँडल मारून सुरू होणारा. हवेच्या स्टार्टरला फार मोठा दाब लागत नाही, ट्रकच्या टायरला भरतात त्याच्या आसपासच. मी ट्रॅक्टरवाल्याला उठवला आणि निघाले.

दसऱ्याच्या दिवशी चाचांच्या दुकानावर ही गर्दी. धुतलेल्या गाड्या, माळा घातलेल्या गाड्या, सगळ्यांना हवा पाहिजे. मी जाऊन सांगितलं की चाचा, दुकान उचलून द्या. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला टायर खाली ठेवला. ताई भाजली त्या दिवशी त्या जिनातल्या बायांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेणाऱ्यांत चाचा होते. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी त्यांच्याकडे गेले होते, उगाच कशाला लपवू.

"बेटी, ये तो छोटा है," ते म्हणाले. "तुमची टाकी भरता भरता टाइम लागंल. मुहूर्त निकल जाएगा."

"निघू द्या," मी म्हटलं.

त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं, भाईहो, आज दुसरीकडे जा. एक मोटरसायकलवाला कुरकुरला. चाचांनी त्याला म्हटलं, "हवाच पाहिजे ना? पुढं भेटंल. जान पुढं नाई भेटत." आणि आम्ही तिघांनी मिळून कॉम्प्रेसर ट्रॉलीत चढवला.

परत आले तर माझ्या इंजिनाच्या खोलीत एक परका मेकॅनिक वाकलेला. मी ठोकलेलं झाकण जमिनीवर पडलेलं आणि त्या जागी ट्रकचा सेल्फ बसलेला. खाली दोन बॅटऱ्या. तारा जोडायच्या तेवढ्या बाकी होत्या. मी त्या माणसाला म्हटलं, भाऊ, हात बाजूला घे. तो छोट्या शेठकडे बघायला लागला. शेठ त्याला म्हणाले, तू तुझं काम कर.

मी माझं केलं. ट्रॉली भिंतीशी लावली, ती चमकती तोटी घट्ट पिळली, चाचांची नळी टाकीला जोडली, चाचांनी हँडल मारलं आणि कॉम्प्रेसर फटफट करायला लागला. काटा हलला. पण हळू, जीव खाणारा हळू. इथे एक गोष्ट समजून घ्या. काटा पुरता चढल्याशिवाय लिव्हर दाबायचा नाही. अर्ध्या हवेवर दाबला तर फिरकी कण्हते, इंजिन एक गिरकी घेऊन बसतं आणि होती नव्हती ती हवाही जाते. मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून थांबायचंच असतं, कोणी कितीही बोंब मारली तरी.

भटजी आले. थोरल्या शेठजींना खुर्चीवर आणून बसवलं. गाडीतला कापूस उतरला, मशिनींपुढे गंजी घातली. बाया आपापल्या जागी बसल्या, प्रत्येकीच्या मांडीवर मुहूर्ताचा कापूस. ताई इंजिनाच्या भिंतीला लागून पहिल्या मशीनवर होती. छोटे शेठ दारात आले आणि म्हणाले, मुहूर्त आला, तारा जोडा.

मी आत गेले. बायांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "बाहेर व्हा. इंजिन बॅटरीवर लावून राह्यले."

एकही उठली नाही. कशा उठणार? पहिल्याच दिवशी, मुहूर्ताच्या वेळेला उठून गेलेल्या बाईला सीझनभर कोण कामावर ठेवणार होतं? घरी जाऊन काय सांगणार होत्या? मला कळत होतं, तरी राग आला. मी ताईकडे बघितलं. ती मान खाली घालून म्हणाली, "चालू दे ना वं. सगळ्यायच्या पोटावर नको येऊ. माह्या अंगाचं आता काय जळाचं राह्यलं?"

आजपर्यंत मला लोक काय काय बोलले. पोरं बोलली, मेकॅनिक बोलले, सासरचे बोलले. एकाचंही असं लागलं नाही. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळ्यांच्या देखत ओरडले, "तू राह्यली आहेस. तू पुरी राह्यली आहेस. मी इथं कोणासाठी मरून राह्यली एवढ्या वर्षांपासून? या इंजिनासाठी?"

भिंतीपलीकडे चाचांचा कॉम्प्रेसर तेवढा चालू होता. ताई फार हळू बोलणारी बाई आहे, शेजारणीशी सुद्धा कधी आवाज चढवला नाही. ती उठली. मांडीवरचा कापूस नीट गंजीवर ठेवला, नमस्कार केला, आणि थोरल्या शेठजींच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर खाली केला. भाजलेली बाजू त्यांच्याकडे केली. "शेठजी," ती म्हणाली, "मी बाहेर उभी राह्यतो. हवा भरली का येतो. आज कामावरून काढाचं असंल तर काढा."

आणि ती चालत बाहेर गेली. तिच्या मागून तिची शेजारीण उठली. मग तिसरी. मग मोजण्यात अर्थ राहिला नाही, सगळ्याच उठल्या. एक म्हातारी बाई उठता उठता छोट्या शेठला म्हणाली, "तुमीबी या ना बाहेर, भाऊ. आत कावून उभे राह्यता?"

तो परका मेकॅनिक तारा हातात धरून होता. त्याने त्या जमिनीवर ठेवल्या. मी त्याला काही बोलले नव्हते. त्याची आपलीच अक्कल.

छोटे शेठ लाल झाले. म्हणाले, बाबूजी, मुहूर्त चालला. थोरले शेठजी बाहेर बघत होते, उन्हात उभ्या असलेल्या बायांकडे. मग म्हणाले, "जाऊ दे." भटजींनी घड्याळ बघितलं आणि पोथी मिटली.

मुहूर्त गेला. चांगला डोळ्यांदेखत गेला. आम्ही सगळे बसून राहिलो. चाचा मधूनमधून इंजिनात पाणी ओतत होते, त्यांचं ते बारकं इंजिन तापून लाल व्हायला आलं होतं. गाडीवाल्याने फेटा सोडून मांडीवर ठेवला. बाया भिंतीच्या सावलीत बसल्या आणि कोणीतरी पिशवीतून चिवडा काढला. मी काट्यासमोरून हलले नाही. चढला, चढला, आणि जिथे पाहिजे तिथे येऊन थांबला. मी तोटी बघितली, नळी बघितली, तेल बघितलं. देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू. लिव्हर दाबला.

किंचाळी उठली. फिरकीने चाक धरलं, इंजिनाने एक गिरकी खाल्ली, दुसरी खाल्ली, काळा धूर भकभक बाहेर टाकला आणि धरलं. दिवे लागले. चाचांनी दोन्ही हात वर केले आणि मग एकदम खाली बसले, दमले होते बिचारे. बाया आत आल्या, आपापल्या जागी बसल्या आणि कापूस घालायला लागल्या, जसं काही झालंच नाही.

छोटे शेठ माझ्याजवळ आले. इंजिनाच्या आवाजात त्यांना ओरडावं लागत होतं. "मुहूर्त घालवला तुमी. यंदा सीझनले काही झालं तर तुमच्यावर."

"माझ्यावर," मी म्हटलं. "लिहून घ्या."

मग मी फडक्यातून पाना काढला आणि त्या ट्रकच्या सेल्फचे नट खोलायला बसले. इंजिन चालू असताना तिथे हात घालणं सोपं नसतं, तापतं, हादरे बसतात. छोटे शेठ वर उभे राहून बघत होते. नट निघाले, सेल्फ मी बाहेर ओढला, तो जड धोंडा दोन्ही हातांनी उचलून ट्रॉलीत टाकला, बॅटऱ्याही टाकल्या. झाकण उचललं आणि जिथलं तिथे ठोकून बसवलं.

"कोणाच्या परवानगीनं काढला?" ते ओरडले.

मी भिंतीतल्या खिडकीकडे हात केला. पलीकडे पहिल्या मशीनवर ताई बसली होती, रुईने पांढरी झालेली.

"तिच्या," मी म्हटलं.